दत्ता, त्या ग्लासात काळा चहा होता

दत्ता, तुझ्या तेराव्याला मी जेवलो नाही. तीन पंगती उठल्या. तिसरीला बुंदी पुरली नाही म्हणून तुझ्या भावकीतल्या दोघांनी असं तोंड केलं, की माणूस गेल्याचं दुःख मोठं की बुंदी संपल्याचं, मला कळेना. मी मांडवाच्या मेढीला टेकून बघत होतो. त्या दिवशी बाजारात तुला बघून जे जे पुढं निघून गेले, ते सगळे आले होते. पोटभर जेवले. हात धुता धुता एक जण म्हणाला, "मानूस चांगला व्हता, पिन्यानं खाल्लं." राधावहिनी दारातच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि त्याच्या हातावर तांब्यानं पाणी ओतत राहिल्या.

आज दोन दिवस झाले त्याला. कळमनुरीत दुकान उघडून बसलोय, पण मशीनवर पाय चालत नाही. मापाच्या वहीची मागची पानं कोरी आहेत, त्यांवर लिहितोय. तुला लिहिणं सोपं आहे, तू मध्ये बोलणार नाहीस. जिवंत असताना एक वाक्य पुरं करू दिलं नाहीस मला.

पुण्याच्या तुझ्या सिनेमावाल्या साहेबांनीही लिहिलंय. सगळ्या मोबाइलांवर फिरतंय. तुझा फोटो, तोच, धरणाच्या भिंतीवर बसलेला, आणि खाली, 'आमचा दत्ता प्रकाशात विलीन झाला.' प्रकाशात कुठला रे? तू बाळापूरच्या बाजारात, बंद असलेल्या बियाण्याच्या दुकानाच्या पायरीवर, तोंड वाकडं होऊन पडला होतास. पण साहेबांना पडलेला माणूस नुसता पडलेला दिसत नाही, त्यात काहीतरी खोल दिसतं. त्यावर शेकड्यानं लोकांनी हात जोडलेत. त्यातल्या एकालाही तुझं आडनाव सांगता येणार नाही.

दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीत तू पहिल्यांदा आलास तेव्हा मला सोडून दोन वर्षं झाली होती. बाळापुरातली शाळेची खोली, रविवारची. पोरांच्या बाकांवर आपण घोडे गुडघे दुमडून बसायचो. तुझ्या पायात एकच चप्पल होती आणि ती कुणाची तरी बाईची होती. 'नाव सांगा' म्हटल्यावर तू म्हणालास, "सांगतो, पर आधी झोपू द्या." आणि खरंच मागच्या बाकावर झोपलास. पुढचे चाळीस दिवस तू माझ्या कापायच्या टेबलाखाली काढलेस. हात असे थरथरायचे, की चहा बशीत ओतला तरी दोन्ही हातांनी धरावा लागायचा. मी तुला काजं-बटणं लावायला बसवलं. पहिल्या आठवड्यात पाच शर्ट फाडलेस. मी तेव्हा सगळ्यांना सांगायचो, याला मी सुधरवला. मोठेपणा मिरवायला माणसाला काहीही चालतं.

खरं तर फेड तूच केलीस. माझ्या मेव्हण्याच्या लग्नात मी घसरणीला लागलो होतो. मांडवामागं पाहुणे बसले होते, मला बोलावत होते, आणि माझे पाय तिकडंच वळत होते. तू काही उपदेश केला नाहीस. "मास्तर, जेवू चल," म्हणालास. जेवलो. पुन्हा कुणी हाक मारली, पुन्हा तू, "मास्तर, चल जेवू." त्या दिवशी तू माझ्याबरोबर पाच वेळा पंगतीला बसलास. पाचव्या वेळी तुला श्वास घेता येत नव्हता, तरी वाढप्याला म्हणालास, "वाढ, वाढ, मास्तराला एकट्याला वाईट वाटतंय." ते आठवलं की अजून हसू येतं आणि मग बराच वेळ काही करता येत नाही.

मग साहेब आले. पांढरा कुडता, गळ्यात पंचा, आणि बोलणं इतकं हळू, की पुढं वाकून ऐकावं लागायचं. दारू सोडलेल्या माणसांवर सिनेमा करायचाय म्हणाले. गाणी नाहीत, मारामारी नाही, घाई नाही. तीन रविवार नुसते बसून राहिले. मी तांड्यातला आहे हे कळलं तेव्हा त्यांचे डोळे चकाकले. म्हणाले, तांड्यात भट्टीपाशी एखादी म्हातारी आरशांच्या कपड्यात बसलेली आणि तुम्ही तिच्याकडं बघताय, असं काही मिळेल का? मी म्हणालो, साहेब, माझी आई मॅक्सी घालते आणि दुपारी मालिका बघते. तिच्याकडं बघत बसलो तर ती मला दळण आणायला पाठवते. आणि मी प्यायला शिकलो ते तांड्यात नाही, कळमनुरीत, परवान्याचा बोर्ड असलेल्या दारूच्या दुकानात. साहेबांचा चेहरा पडला. दारू दाखवायची तर तांडाच दाखवायचा, हे त्यांचं पुण्यातूनच ठरून आलं होतं. मी नाही म्हणालो.

तू हो म्हणालास. वर मला शहाणपणा शिकवलास, "मास्तर, कोनी तरी आपली तकलीफ बघून राहिलं, तू नकार काहून देऊन राहिला?"

सिनेमा मी दोनदा बघितला. तू धरणाच्या भिंतीवर बसतोस. पाणी आहे. तू आहेस. एक बैल येतो, उभा राहतो, कंटाळून निघून जातो. तू आहेस. ह्याला ते लोक संयम म्हणतात. आमच्या बैठकीत संयम म्हणजे सोयऱ्याच्या दारात उभं राहून 'नको' म्हणणं. तो साहेबांना कुठं दाखवता आला नाही, कारण त्यात पाणी नाही आणि बैल नाही. पण एक गोष्ट कबूल करतो. तू दोन्ही हातांनी बशी धरतोस, चहा हिंदकळतो आणि तू चिडत नाहीस, नुसता बशीकडं बघतोस, तेवढं खरं होतं. ते बघताना मला माझं टेबल आठवलं आणि मी रडलो. साहेबांना सांगितलं नाही. फुशारले असते.

आणि मग शेवट. आधीच्या कागदावर शेवट असा होता, की तू धरणावरून उठतोस आणि घरी जातोस. साहेबांना ते फारच साधं वाटलं. शेवटच्या दिवशी म्हणाले, दत्ता, तुझा माणूस नऊ वर्षांनी पुन्हा ग्लास भरतो. आणि तू भरलास. कॅमेऱ्याकडं बघून, सावकाश, घोट घोट, सगळा ग्लास संपवलास.

ह्यावर आपण भांडलो, आठवतं? माझ्याच दुकानात.

"काहून केलं?"

"आरं, सिनेमा हाय तो. काळा चहा व्हता."

"ग्लासात काय व्हतं ते पडद्यावर लिवून येनार हाय का?"

"साहेब म्हनले, मानूस पडला तवाच लोकायला त्याची किंमत कळते."

"दत्ता, तुझ्यापाशी एकच चीज हाय, नऊ वर्षं. ती बी दिऊन टाकली?"

तू हसलास. "तू तांड्यात लपून बस, मास्तर. मला पुन्याला बोलावलंय."

आणि गेलास. स्टेजवर गेलास, शाल घेतलीस. एका बाईंनी तुझे हात हातात घेऊन विचारलं, पुन्हा प्यायल्याचा तो क्षण इतका खरा कसा आणलात? हे तू मला अभिमानानं सांगितलंस. तेव्हा मला तुझी किळस आली होती, दत्ता. ती शाल खांद्यावर टाकून तू बाळापूरच्या बाजारात मेथी घेत फिरलास, एप्रिलच्या उन्हात. लोक हसत होते आणि तुला वाटत होतं, बघतायत. मेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. पण मेलास म्हणून तू त्या दिवशी कमी मूर्ख ठरत नाहीस.

मग गावात सिनेमा दाखवला. शाळेच्या खोलीत, खिडक्यांना चादरी बांधून. अर्धं गाव बैलाच्या आधीच उठून गेलं. जे उरले ते तू ग्लास भरलास तेव्हा सरसावून बसले. कुणीतरी शिट्टी मारली. तुझा चुलतभाऊ माधव मागून ओरडला, "एकट्यानंच, दत्त्या?" सगळे हसले. तूही हसलास. मी राधावहिनींकडं बघितलं, त्या हसल्या नव्हत्या. सुनीतानं मान खाली घातली होती. तुझी लेक नर्सिंगला आहे, तिला चहाचा रंग आणि दारूचा रंग कळत असेल. पण त्या पडद्यावर सगळंच तपकिरी होतं.

त्या दिवसापासून गावानं ठरवून टाकलं, दत्ता पुन्हा लागला. गाव इतकं बावळट कसं असेल, असं पुण्याच्या लोकांना वाटेल. वाटू दे. ह्या गावानं तुझं पिणं वीस वर्षं बघितलं होतं, न पिणं नऊच वर्षं, आणि न पिणं बघायला कुणी थांबत नाही. आता तर त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं, तेही पडद्यावर, पुण्याच्या साहेबांनी काढलेलं. तू पारावर, दुकानात, दुधाच्या रांगेत सांगत सुटलास, "काळा चहा व्हता, बाप्पा." जितक्यांदा सांगितलंस तितकं ते खोटं वाटायला लागलं. पुढं पुढं तर तू कुणी विचारायच्या आधीच त्याच्या तोंडासमोर जाऊन 'हा' करायचास, घ्या, हुंगा. घरात शिरताना वहिनींसमोरही. त्या एकदा मला म्हणाल्या, "भाऊ, हे पेत व्हते तवा बी इतकी लाज वाटत नव्हती मला."

आणि मी? मी गावाला नावं ठेवतोय. दर रविवारी तू माझ्या शेजारी बसायचास, आणि मी तुझ्याकडं मान वळवून श्वास घ्यायचो. हळूच, तुला कळू नये असा. तुला कळायचं. एकदा तू उठून दुसऱ्या बाकावर गेलास.

त्या बाजाराच्या दिवशी तू मिरच्या घ्यायला गेला होतास. पायरीवर बसलास. जीभ जड झाली, डावा हात उचलेना. ते सगळं एकानं मोबाइलवर घेतलंय. मी बघितलंय. तू उठायला जातोस आणि कुशीवर पडतोस. माणसं हसतात. आवाज येतो, "हिरो, शूटिंग चालू हाय का?" एक बाई टोपली घेऊन थांबते, तुझ्याकडं बघते, पदर नाकाला लावते आणि जाते. वास काय आला गं बाई तुला? मिरच्यांचा?

मग कुणीतरी मला फोन केला. "मास्तर, तुमचा मानूस टाइट हून पडलाय. घेऊन जा."

मी म्हणालो, "पडू द्या. उतरली की यील."

हातात एका झंपराचं काम होतं. चार काजं राहिली होती. मी ती केली, दत्ता. चारही. सावकाश, नीट. रागानं माझा हात फार छान चालतो. मग दुकान ओढून घेतलं आणि निघालो. बाळापुरात पोचलो तेव्हा तू तिथंच होतास, तुझ्या शर्टाच्या गळ्याशी लाळ होती. मी गुडघ्यावर बसलो, आणि तुला उचलायच्या आधी तुझं तोंड हुंगलं.

घामाचा वास होता. सुपारीचा होता. बस.

नांदेडला डॉक्टरांनी सांगितलं, डोक्यात नस फुटलीये. मी विचारलं, दारूनं? ते म्हणाले, दारूचा काही संबंध दिसत नाही, उशीर झाला. किती उशीर, हे मी विचारलं नाही. चार काजांना किती वेळ लागतो ते मला पाठ आहे.

आता दहाव्याचं सांगतो. ते तुला कळायला हवं.

पूर्णेच्या काठावर पिंड मांडला. मुलगा नाही म्हणून माधवनं सगळं केलं. केळीच्या पानावर तुझ्या आवडीचं ठेवलं होतं, भजी, शेवयाची खीर, सुपारी. सगळे मागं सरले आणि कावळ्याची वाट बघायला लागले. बाभळीवर सात-आठ कावळे होते. एकही खाली येईना. तास गेला. मग नेहमीप्रमाणं कबुल्या सुरू झाल्या. कुणी ओरडलं, "दत्ता, पोरीचं शिक्शन पुरं करू!" कुणी, "तुझ्या वावराचा बांध कोनी कोरनार न्हाई!" हे म्हणणारा बांध कोरणाराच होता. कावळे बघत होते. आणखी अर्धा तास गेला.

तेव्हा माधवनं पिशवीत हात घातला आणि क्वार्टर काढली. ती तो घरूनच घेऊन आला होता. "जीव तिच्यात अडकला आसंल," म्हणाला. माधव वाईट नाही रे. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो बाटली घेऊन पानाकडं निघाला आणि अख्खं गाव माना डोलवत होतं, आता येईल कावळा, बराबर हाय. एकाच्याही मनात आलं नाही, की ती बाटली तुझ्या पिंडाशेजारी टेकली तर नऊ वर्षं पुसली जातात आणि तुझ्या लेकीच्या डोक्यावर जन्मभर तेच राहतं. मी तिथंच होतो. माझी जीभ उचलली नाही.

राधावहिनी उठल्या. बायकांतून निघून सरळ वाळूत उतरल्या, माधवच्या आडव्या उभ्या राहिल्या.

"भाऊजी, ह्याईनं सोडली व्हती."

"वैनी, मेल्यावर काय सोडनं आन धरनं? कावळा शिवना ना."

"न शिवू द्या. उपाशी जातेन ते. पर ही ठिवायची न्हाई."

गाव कुजबुजलं. नवऱ्याचा पिंड अडवती म्हणाले. कावळा न शिवलेला बरा असं म्हणणारी बाई त्यांनी आयुष्यात बघितली नव्हती. माधव बाटली धरून तसाच उभा. आणि मग, उशिरानं, नेहमीसारखाच उशिरानं, मी पुढं गेलो. पिंडाकडं तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "दत्ता, तू पेला नव्हतास. त्या ग्लासात काळा चहा व्हता. मी सहा महिने तुझ्यावर शक घेतला. फोन आला तवा मी दुकानात बसून काजं केली. तुला उचलायच्या आधी तुझं तोंड हुंगलं. तोंडाला वास नव्हता. तू कोराच गेलास."

बोलून मी मागं सरलो. आता तू विचारशील, मग आला का कावळा?

नाही आला. आला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं, आणि ह्याचीच चीड येते. बायकोनं सांगितलेलं गावाला पटत नाही, दोस्तानं सांगितलेलं पटत नाही, डॉक्टरनं सांगितलेलं तर नाहीच. पण एका कावळ्यानं भज्याला चोच लावली असती तर सगळे म्हणाले असते, कोरा होता हो दत्ता. तुझी अब्रू बाभळीवर बसली होती आणि पंख खाजवत होती. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला. गाव मनातून खट्टू होऊन चपला शोधायला लागलं.

परत येताना टेम्पोत सुनीता माझ्यासमोर बसली होती. बायका पुढं होत्या. तिनं त्यांच्याकडं एकदा बघून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाली, "काका, एक इचारू? राग नका येऊ देऊ."

"इचार."

"तुमी ते खरं बोलले, का कावळा यावा म्हून बोलले?"

मी म्हणालो, "खरं बोललो, बाई."

तिनं मान हलवली. अगदी समजूतदारपणे. "न्हाई, तिथं लोकं कायबी कबूल करतेत ना," म्हणाली, आणि बाहेर बघायला लागली. मी पुन्हा सांगितलं, शपथ घेऊन सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलेलं सांगितलं. प्रत्येक वेळी ती "व्हय काका" म्हणाली. आणि प्रत्येक वेळी मला दिसत होतं, मी जितकं जोरात सांगतोय तितकी ती लांब जातेय.

दत्ता, खरं सांगून झाल्यावर ते खरं आहे म्हणून पुन्हा सांगावं लागतं. मला टेम्पोतली तेवढी वाट निभली नाही. तू सहा महिने कसं निभावलंस रे, आणि तेही माझ्यासमोर?